श्वानपरीक्षा की शृंगारपरीक्षा?

अलीकडे इंदुरासारख्या मोठ्या शहरांतून श्वानप्रदर्शने भरतात आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून, भ्रमणध्वनीवरून आपल्या गौतमपुऱ्यासारख्या लहान गावापर्यंत येऊन पोहोचतात. पिंजलेल्या कापसासारखे फुललेले केस, कातरीने गोल केलेले पाय, मानेभोवती सिंहाची आयाळ आणि पाठीमागे भादरलेली कंबर, असा एखादा विजेता कुत्रा त्या चित्रांत ऐटीने उभा असतो. चावडीवरचे वृद्ध ते चित्र पाहून हसतात व विचारतात, ‘‘हा रात्री चोर आला तर भुंकेल, की आपले केस सावरील?’’ प्रश्न गावंढळ खरा. परंतु परीक्षकांनी मनावर घ्यावा असाच तो आहे. प्रदर्शनात पारितोषिक कोणाला द्यावयाचे असते, कुत्र्याला की त्याच्या न्हाव्याला?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जनावराला स्वच्छ ठेवणे, त्याचे अंग चोळणे, केस विंचरणे यांस आमचा मुळीच विरोध नाही. तो कोणत्या शेतकऱ्याचा असू शकेल? दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालावे, त्यांची शिंगे रंगवावी, गळ्यात घुंगरमाळा बांधाव्या, ही आपल्या माळव्याची जुनी रीत आहे. महाराष्ट्रात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. वर्षभर जुवाखाली घासून निबर झालेला बैलाचा खांदा हळद व लोणी लावून प्रेमाने चोळतात. ही खरी निगा होय. तिच्यात काही झाकावयाचे नसते. उलट जुवाने कोठे जखम केली आहे, कोठे गाठ आली आहे, हे चोळणाऱ्याच्या बोटांना त्याच वेळी कळते. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंगे, शेंब्या, गोंडे यांनी बैल नटतो, तो सणासाठी. आणि त्या नटण्याने कोणी फसतही नाही. सणात सजावट शोभते. परीक्षेत मात्र तिचे काय काम, एवढाच आमचा प्रश्न आहे.

याचे उत्तर खरे म्हणजे आपल्या गुरांच्या बाजारात केव्हाच मिळालेले आहे. बैल विकत घेणारा जाणता शेतकरी आधी अंगावरची झूल काढावयास सांगतो. मग तो बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजतो. आदत आहे की दोनदाती, चारदाती, हे पाहतो. खांद्यावरून, पाठीवरून, मांडीवरून हात फिरवितो. चारही खूर जमिनीवर सारखे टेकतात की नाही हे वाकून पाहतो, आणि अखेरीस ‘‘जरा चालवून दाखवा’’ असे म्हणतो. विकणाऱ्याने शिंगे साळून, तेल लावून चकचकीत केली असली, तरी त्या चकाकीबद्दल तो एक पैसा अधिक देत नाही. आपल्या माळवी बैलाच्या मानेवर व वशिंडावर वयात येताना जी काळसर छटा चढते, ती मूळची की हाताने चढविलेली, हे त्याला ओल्या बोटाने ताडता येते. पदवी नाही, बिल्ला नाही, आणि तरीही याहून चांगला परीक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही. त्याचे कारणही उघड आहे. चूक झाली तर तिचे फळ त्याला स्वतःच्या शेतात भोगावे लागते.

श्वानप्रदर्शनातील परीक्षकाची पद्धत तत्त्वतः हीच आहे. तेथे प्रत्येक जातीचे एक लिखित वर्णन ठरलेले असते. डोके कसे असावे, छाती किती खोल, पाठीची रेषा कशी, चाल कशी, हे सर्व त्यात असते. कुत्र्यांची परस्परांशी तुलना करण्यापूर्वी परीक्षकाने प्रत्येकाला त्या वर्णनाशी ताडून पाहावयाचे असते. त्यासाठी तो कुत्र्याचे दात पाहतो, फासळ्या चाचपतो, केसांत बोटे घालतो, आणि त्याला दुडक्या चालीने समोर पळवून घेतो. येथवर सर्व ठीक. परंतु या दोन-तीन मिनिटांसाठी मालक कित्येक तास खपलेला असतो, आणि तेथेच घोटाळा सुरू होतो. पाठ किंचित खोलगट असेल तर त्या जागेचे केस फुगवून ठेवावयाचे. मान आखूड असेल तर तेथील केस कापून ती लांब भासवावयाची. पांढऱ्यावर खडूची पूड आणि फिकट नाकावर काळा रंग चढवावयाचा. आणि केस उभे राहावेत म्हणून त्यांवर चिकट फवारा मारावयाचा. पाहणाऱ्याला वाटते की काय हा सुरेख बांधा! वस्तुतः तो बांधा हाडांचा नसून केसांचा असतो.

हे प्रकार नियमांना ठाऊक नाहीत असे मात्र नव्हे. १८७३ साली स्थापन झालेल्या इंग्लंडच्या केनेल क्लबचा नियमच आहे की, केसांचा नैसर्गिक रंग, पोत किंवा भरगच्चपणा बदलणारा कोणताही पदार्थ प्रदर्शनाच्या वेळी कुत्र्याच्या अंगावर असता कामा नये. अमेरिकेतील सायबेरियन हस्की या जातीच्या वर्णनात तर असे म्हटले आहे की, मिशा आणि पंजांचे केस नीटनेटके करण्यास हरकत नाही. पण इतरत्र कातर चालविल्यास तो मोठा दोष मानावा. गोल्डन रिट्रीव्हरच्या वर्णनातही अंगाची नैसर्गिक रेषा कातरीने बदलू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. म्हणजे कायदा आहे. उणीव आहे ती तो बजावणाऱ्या हाताची. परीक्षक जर फुगविलेल्या केसालाच पहिला क्रमांक देत राहिला, तर पुढल्या वर्षी प्रामाणिक मालकही कातर घेऊन बसेल. त्याला दोष तरी कसा द्यावा?

कोणी म्हणेल, ‘‘हा शेवटी हौशी लोकांचा खेळ. एका कुत्र्याला चांदीचा पेला मिळाला काय, दुसऱ्याला मिळाला काय, तुमचे काय बिघडले?’’ या आक्षेपाचा थोडा सविस्तर विचार करणे भाग आहे, कारण सर्व प्रकरणाचे मर्म येथेच आहे.

इंग्लंडातील पहिले व्यवस्थित श्वानप्रदर्शन १८५९ च्या जून महिन्यात न्यूकॅसल येथे भरले. त्यात केवळ शिकारीस साह्य करणारी पॉइंटर व सेटर या दोन जातींची कुत्री होती. (त्यात सेटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याला पॉइंटरमध्ये आणि पॉइंटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याला सेटरमध्ये पहिले बक्षीस मिळाले. तेव्हा परीक्षकांविषयीची कुजबुज ही काही आजची गोष्ट नव्हे.) तात्पर्य, प्रदर्शनाचा मूळ उद्देश चांगले जनावर कोणते हे ठरवून त्याच्यापासून पुढची पैदास करणे हा होता, आणि आजही तोच सांगितला जातो. विजेत्या नराला दुरून दुरून मागणी येते. त्याची पिल्ले शेकडो घरांत जातात. आता मौज पाहा. पाठीवरचे केस फुगवून लपविलेली खोलगट पाठ परीक्षकाला दिसली नाही, तरी ती पिल्लांच्या अंगी उतरावयाची ती उतरतेच. खडूची पूड घरी गेल्यावर धुऊन निघते, रंग चार दिवसांनी फिका पडतो. परंतु दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो. म्हणून परीक्षकाची चूक ही एका पेल्याची चूक नव्हे. ती एका जातीची हानी आहे. आणि ती सोसावयाची कोणाला, तर ज्याने कधी प्रदर्शनात जाण्याची इच्छा व्यक्त केली नाही, त्या मुक्या प्राण्याला.

सजावटीचा मोह केसांपाशीच थांबतो असेही नाही. सौदी अरेबियात उंटांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात आणि त्यांत फार मोठ्या रकमांची पारितोषिके असतात. लोंबते जाड ओठ हे तेथे सौंदर्याचे लक्षण. २०१८ च्या जानेवारीत त्या स्पर्धेतून १२ उंट बाद झाले, कारण त्यांच्या तोंडावर बोटॉक्स नावाचे औषध टोचलेले आढळले. २०२१ च्या डिसेंबरात असल्या कृत्रिम उपायांसाठी बाद झालेल्या उंटांची संख्या ४० वर गेली. वाळवंटात ओझी वाहणाऱ्या उंटाला ओठ सुजवून घ्यावे लागावे, याला काय म्हणावे? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हाच.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, फॅशन जेव्हा कातरीने भागत नाही तेव्हा ती हाडांत शिरते. चपटे नाक सुंदर, असे एकदा परीक्षकांनी ठरविले, की पैदास करणारे दर पिढीत अधिकाधिक चपटे नाक निवडीत जातात. आजचा बुलडॉग हा याचा बोलका पुरावा आहे. त्याचे डोके एवढे मोठे व मादीची कंबर एवढी अरुंद झाली आहे की, त्या जातीची बहुसंख्य पिल्ले शस्त्रक्रियेनेच जन्माला येतात. २००८ साली ब्रिटनच्या बी.बी.सी.ने अशा जातिवंत कुत्र्यांच्या रोगांवर एक माहितीपट दाखविला. त्याने इतकी खळबळ उडाली की, क्रफ्ट्स हे जगप्रसिद्ध प्रदर्शन दाखविणेच त्या संस्थेने २००९ पासून बंद केले, आणि केनेल क्लबला बुलडॉगसह अनेक जातींची वर्णने सुधारून लिहावी लागली. २०१२ साली त्याच क्रफ्ट्समध्ये काही निवडक जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली, तेव्हा आपापल्या जातीत पहिली आलेली ६ कुत्री त्या तपासणीत नापास ठरली. त्यांत बुलडॉग होता आणि पेकिनीजही होता. परीक्षकाने पहिला क्रमांक द्यावा आणि वैद्याने त्यालाच नापास करावे, यापरते त्या परीक्षेचे अपयश दुसरे कोणते? तरीही सर्वांचे डोळे उघडले असे नाही. २०१६ साली पाठीचा मागचा भाग जमिनीकडे घसरत गेलेली एक जर्मन शेफर्ड कुत्री तेथे आपल्या जातीत प्रथम आली, आणि तिची ओढगस्तीची चाल पाहून देशोदेशीच्या लोकांनी निषेध केला.

आपल्याकडे हा रोग जाहिरातीच्या वाटेने आला. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारे पग जातीचे कुत्रे झळकले आणि घरोघरी पग आले. त्या बिचाऱ्याचे नाक इतके आत दबलेले, की त्याला थंड देशातही श्वास पुरत नाही. आमच्या वैशाखात तर तो फरशीवर पोट टेकून नुसता धापा टाकीत पडतो. लोक म्हणतात, ‘‘किती गोड घोरतो!’’ ते घोरणे नसून श्वासासाठी चाललेली झटापट असते, हे त्यांना कोणी सांगावे?

आता दुसऱ्या पक्षाची बाजू. केशभूषेचे समर्थक सर्वस्वी चुकीचे बोलतात असे आम्हास वाटत नाही. टेरिअर जातीच्या कुत्र्याचे राठ केस कातरीने कापले तर ते मऊ पडतात व त्याचे पाऊसकाट्यांपासून रक्षण करीत नाहीत. म्हणून मेलेले केस हातानेच उपटून काढावे लागतात. ते कष्टाचे व कसबाचे काम आहे, आणि त्याने केस मूळचे जसे असावेत तसेच राहतात. पूडल मूळचा पाण्यात उतरून शिकार आणणारा कुत्रा. पोहताना अडथळा होऊ नये म्हणून त्याचे केस कापीत व थंडी बाधू नये म्हणून छातीवर आणि सांध्यांवर ठेवीत, असे सांगतात. तेव्हा ज्या नखऱ्यांना आपण हसतो, त्यांच्या मुळाशी कधीकाळी उपयोग होता. लांब केसांच्या कुत्र्याला विंचरलेच नाही तर केसांच्या गाठी होऊन खाली कातडी सडते, हेही खरे. यावरून एवढेच सिद्ध होते की, कातर स्वतः दोषी नाही. तिने प्राण्याचे रूप उघड केले की झाकले, त्याला सुख दिले की दुःख, हे पाहावयाचे. मिशांचेच उदाहरण घ्या. घोड्याच्या तोंडाभोवतीचे लांब राठ केस ही त्याची स्पर्शेंद्रिये होत. अंधारात खाद्य व अडथळे तो त्यांनीच ओळखतो. केवळ मुखडा गुळगुळीत दिसावा म्हणून ते भादरण्याची पद्धत होती. २०२१ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने ती आपल्या स्पर्धांत बंद केली. कुत्र्यालाही तसेच केस असतात आणि कित्येक प्रदर्शनांत ते अजून कापले जातात.

आम्हा विद्यार्थ्यांना हा भेद समजण्यास फार दूर जावे लागत नाही. उत्तरपत्रिकेतील अक्षर वळणदार असावे, याबद्दल गुरुजींचा आग्रह असतो आणि तो योग्यच आहे. कारण चांगल्या अक्षराने उत्तर स्पष्ट वाचता येते. परंतु वळणदार अक्षरात लिहिलेल्या चुकीच्या उत्तराला गुण देणारा परीक्षक आम्हासही आवडणार नाही. निदान दुसऱ्याला मिळाले तर!

या विषयाची चर्चा आम्ही गौतमपुऱ्यात बसून का करावी, असे कोणास वाटेल. त्याचे कारण आहे. हे गाव ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या गौतमाबाई मल्हारराव होळकरांच्या पत्नी. आणि होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायांपाशी कुत्रा कोरलेला असतो. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी तर, शिकारीत वाघापासून आपला प्राण वाचविणाऱ्या आवडत्या कुत्र्याला भर दरबारात जरीची वस्त्रे व रत्ने घालून आपली पगडी त्याच्या मस्तकी ठेवली, अशी हकिकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. संगम माहुलीस त्या कुत्र्याची समाधी दाखवितात. शृंगार तेथेही होता. मात्र तो पराक्रमानंतर आला. आधी वाघ, मग जर! आजच्या प्रदर्शनात क्रम उलटला आहे.

अशा परंपरेच्या लोकांनी आपल्या मातीतील कुत्र्यांकडे मात्र फार काळ दुर्लक्ष केले. दख्खनच्या पठारावर मेंढपाळांच्या व शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर एक सडपातळ, लांब तोंडाचा, खोल छातीचा, वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. कोणी त्याला कारवानी म्हणतात. मुधोळच्या संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी त्याला आश्रय दिला, म्हणून तो मुधोळ या नावानेही प्रसिद्ध झाला. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो कॅरव्हान हाउंड आहे. नावे निरनिराळी, पण ९ जानेवारी २००५ रोजी डाक खात्याने देशी कुत्र्यांची ४ तिकिटे काढली, त्यांत राजपालयम, रामपूर व हिमालयातील मेंढपाळी कुत्रा यांच्या पंक्तीला तो मुधोळ म्हणूनच बसला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु-आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम व चिप्पीपराई यांच्याबरोबर त्याचीही अधिकृत जात म्हणून नोंद केली आहे.

या कुत्र्याचे अंग गुळगुळीत, केस आखूड. कंगव्याला तेथे काही कामच नाही! ओल्या फडक्याने पुसला की तो तयार. जसा आहे तसा दिसतो, आणि जसा दिसतो तसा धावतो. म्हणूनच आम्हास त्याच्याविषयी आशा वाटते व भीतीही वाटते. केसांचे कपट येथे चालणार नाही हे खरे. परंतु जातीचे वर्णन एकदा कागदावर उतरले आणि प्रदर्शनांतून किंमत वाढू लागली, की ‘‘आणखी सडपातळ, आणखी उंच, तोंड आणखी निमुळते’’ अशी चढाओढ लागावयास वेळ लागत नाही. बुलडॉगच्या बाबतीत इंग्लंडने जे शंभर वर्षांत केले, ते आम्ही वीस वर्षांत करू शकू. रानात सशामागे धावणाऱ्या कुत्र्याचे आपण दिवाणखान्यात ठेवावयाचे काचेचे हरिण करून टाकू.

तसे होऊ नये यासाठी परीक्षेत कामाला स्थान हवे. हे अशक्य नाही, याचे उदाहरण आपल्याच प्रांतातील आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानप्रशिक्षण केंद्र आहे. तेथे तयार झालेल्या ‘रिया’ नावाच्या मुधोळ कुत्रीने २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्याच्या विभागात विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून पहिला मान मिळविला. तिचे केस कसे होते, हे कोणी विचारले नाही. सुटलेला माग तिने शोधला की नाही, एवढेच पाहिले गेले.

प्रदर्शने बंद करा असे आम्ही म्हणत नाही. लोक जमतात, मुले जनावरे जवळून पाहतात, चांगल्या पैदाशीची माहिती मिळते. हे सर्व हवेच. फक्त त्यांची रीत बदलावी. आखाड्याच्या तोंडाशी एक पाण्याचा हौद व चार स्वच्छ फडकी ठेवावीत, आणि प्रत्येक कुत्रा परीक्षकापुढे येण्यापूर्वी सर्वांसमक्ष साध्या पाण्याने पुसला जावा. पूड, रंग, फवारा जे काही असेल ते फडक्यालाच कळेल. पशुवैद्याची तपासणी निकालानंतर न ठेवता आधी ठेवावी. ज्याला श्वास धड घेता येत नाही तो कितीही देखणा असो, आखाड्यात उतरूच नये. धावणाऱ्या जातीला मैदानाच्या एका फेरीवर न सोडता चांगले दोन-चार फर्लांग पळवावे, आणि धाप किती वेळात बसते ते घड्याळावर पाहावे. आणि परीक्षकांच्या मंडळात गुरांच्या बाजारात केस पांढरे झालेला एखादा शेतकरी अवश्य असावा. त्याला जातीचे लिखित वर्णन वाचता आले नाही तरी चालेल. ते दुसऱ्याने वाचून दाखवावे.

आपल्या तालुक्यातही पशुस्पर्धा भरविण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. ती भरलीच, तर माळवी बैल, गाई, शेळ्या यांच्याबरोबर घरोघरची कुत्रीही आणावीत. गावठी कुत्र्यालाही त्यात रांग द्यावी, कारण त्याची पैदास कोणत्याही परीक्षकाने बिघडविलेली नाही. हौदाचे पाणी ओढण्यास आमच्या शाळेतील मुले आनंदाने येतील.